अकरा सेंटिमीटर

१

घरात पोवळी वाढवायची, तीही कमी खर्चात, हे खूळ माझं स्वतःचं होतं. त्यामुळं वैतागले तरी शिव्या घालायला दुसरं कुणी नव्हतं. हॉलच्या मधोमध आडवा लोखंडी अँगलचा रॅक, त्यावर तीन टाक्या: एक माशांची, एक पोवळ्यांची, एक शेवाळाची. तिन्हींचं जादा पाणी पाइपातून खालच्या मोठ्या टाकीत उतरायचं, तिथं गाळलं जायचं आणि पंपानं परत वर चढायचं. पाणी एकच, तेच फिरत राहायचं. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात दोन महिने माझ्या बोटांना पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास होता आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

टाक्या जुन्या, मोहसीनच्या माशांच्या दुकानातल्या. "ताई, एक थेंब गळणार न्हाय," म्हणून त्यानं दिलेली पहिली टाकी चौथ्या मिनिटाला गळली. पोवळी बसवायचे दगड मी घरीच ओतले: पांढरं सिमेंट, जाडं मीठ, शिंपल्यांचा चुरा, आणि साचा ओल्या वाळूचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी आठ वर्षं कास्टिंग मोजायचं काम केलंय, एवढं तर यायलाच पाहिजे. नोकरी गेल्या वर्षी सोडली, ती आबांसाठी.

आबा म्हणजे माझे सासरे, बाळासो. वय अठ्ठ्याहत्तर, वजन अठ्ठावन्न किलो, आवाज अख्ख्या फुलेवाडीला पुरेल एवढा. दीडेक वर्षापासून विसरायला लागले. जूनमध्ये घरातून निघून गेले ते दिवसभर सापडेनात. शेवटी त्यांच्या जुन्या दूध संस्थेत सापडले, तिथल्या सेक्रेटरीच्या खुर्चीत बसून सगळ्यांना चहा सांगत होते. तेव्हा माझा नवरा उदयसिंह पुण्याहून आला आणि त्यानं मला स्पष्ट सांगितलं, "संयोगिता, आणखी एकदा असं काही झालं तर मी आबांना पुण्याच्या केअर सेंटरला ठेवणार. जागा बघून आलोय."

मला ते नको होतं. लग्न होऊन आले तेव्हा सुनेनं फाउंड्रीत कशाला जायचं म्हणून सगळे तोंड वाकडं करत होते. आबा मात्र रोज सकाळी स्कूटरवरून मला कंपनीच्या बसपर्यंत सोडायचे. माझा त्यांच्यावर जीव आहे. तिथल्या एखाद्या खाटेवर ते महिनाभरही टिकले नसते, हे मला माहीत होतं आणि उदयलाही माहीत असावं.

२

खारं पाणी करायची मिठाची पाकिटं परवडेनात म्हणून खरंच समुद्राचं पाणी आणायचं ठरलं. मोहसीननं ओळखीच्या गुऱ्हाळातनं काकवीचे निळे ड्रम मिळवले. ते मी सात वेळा धुतले तरी वास जाईना. त्याचा टेम्पो, मी आणि आबा. आबांना घरी कुणाकडं ठेवणार? गगनबावड्याचा घाट उतरताना त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली, एकदा लघवीला आणि एकदा एका अनोळखी माणसाची म्हैस बघायला.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. अकरा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. मी आणि मोहसीन गुडघाभर पाण्यात उभं राहून बादल्यांनी ड्रम भरत होतो. एवढ्यात आबांची हाळी ऐकू आली.

"काय पावणं, गार लागत न्हाय व्हय?"

ते ओल्या वाळूत उभे राहून समुद्राकडं बघत होते. मी मान वर केली. लाटा होत्या, त्यापलीकडं पाणी होतं, माणूस काही दिसला नाही.

"या की कवातर कोल्हापूरला," आबा ओरडले. "फुलेवाडीत या आणि बाळासो म्हणून कुणालाबी इचारा. जेवायलाच या."

मी कपाळाला हात लावला. ही आबांची जुनी खोड. एसटीत शेजारी बसलेला, गॅसचा सिलिंडर आणणारा, दवाखान्यातल्या बाकावरचा, सगळ्यांना घरचं आमंत्रण. आणि लोक येतात हो. शिरोळचं एक जोडपं असंच तासाभराच्या ओळखीवर आलं आणि दोन दिवस राहिलं. आमच्याकडं आलेल्याला परत कधी जाणार म्हणून विचारायची रीत नाही. सोडायला मात्र आबा स्टँडवर जाणार, गाडीत चढून जागा धरणार, कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत पाहुण्याशेजारी बसून राहणार.

"कोण होतं?" मी विचारलं.

"छातीएवढ्या पाण्यात उभं होतं बिचारं," आबा म्हणाले. "मान हलवली त्यानं. यील."

३

सोमवारी टाक्या भरल्या. आठवडाभर नुसतं पाणी फिरवायचं होतं, मासे आणि पोवळी नंतर. म्हणजे टाक्यांत माझे सिमेंटचे दगड सोडले तर काहीच नव्हतं.

अशा टाक्यांतलं पाणी रोज थोडं उडून जातं. म्हणून खालच्या टाकीच्या काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवायची. पाणी रेघेच्या खाली गेलं की तेवढं गोडं पाणी घालायचं. वरच्या तिन्ही टाक्या काठोकाठ असतात, तिथली पातळी हलत नाही. जे काय कमीजास्त होईल ते खालीच दिसतं.

बुधवारी दुपारी बघितलं तर पाणी रेघेच्या वर होतं. थोडंथोडकं नाही, पट्टी लावून मोजलं, अकरा सेंटिमीटर.

माझा पहिला संशय आबांवर. "आबा, टाकीत पाणी ओतलंत का?"

"मी कशाला वतू?" ते म्हणाले. "मला काय म्हशी पाजायच्या हाईत?"

त्यांनी ओतून विसरलंही असेल. म्हणून मी खारेपणा मोजला. नळाचं पाणी पडलं असतं तर खारेपणा उतरला असता. तो सोमवारी होता तेवढाच होता. समुद्राचं उरलेलं पाणी मागच्या पडवीत, ड्रमचं सील जसंच्या तसं. मी मोहसीनला फोन केला. तो म्हणाला, पाइप तुंबला असेल. पाइप खोलले, स्वच्छ होते. पंप बंद केला, चालू केला, परत बंद केला. अकरा म्हणजे अकराच.

मग मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. खालची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद. त्यात अकरा सेंटिमीटर पाणी चढायचं तर साठ लिटरची भर पडायला पाहिजे. भर तर पडलेली नाही. राहिला एकच मार्ग. बादलीत दगड टाकला की पाणी वर येतं, तसं साठेक किलोचं काहीतरी त्या पाण्यात उतरलेलं असायला हवं.

मी वरच्या-खालच्या चारही टाक्या वरून, बाजूनं, टॉर्च लावून बघितल्या. सिमेंटचे दगड आणि स्वच्छ पाणी. वरची सगळ्यात मोठी टाकी तीन फुटांची होती, तिच्यात माणूस काही मावला नसता. माझी पट्टीच चुकीची असेल म्हणून मी दुसरी पट्टी आणली.

४

गुरुवारी आबांनी जेवताना जादा ताट मागितलं.

"कुणाला?"

"पावण्यास्नी," ते म्हणाले. "कालच आल्यात. तू पायपात डोकं घालून बसलीस, तुला कुठं ध्यान हाय."

विसरण्याच्या आजारात असं होतं, नसलेली माणसं दिसतात, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वाद घालायचा नाही, हेही सांगितलं होतं. मी भाकरी आणि आमटी वाढून ताट ठेवलं. आबांनी आमटीची वाटी उचलून माझ्या हातात परत दिली.

"बिनमिठाची हाय का? मीठ नगं म्हणत्यात. मिठाला लई कंटाळल्यात."

आता मात्र माझं डोकं फिरलं. सकाळपासून पाइप खोलून खांदे भरून आले होते, त्यात ही नसती फर्माईश. तरी मी मुकाट्यानं भात आणि साधं वरण वाढलं, बिनमिठाचं. वाढून हॉलमध्ये आले आणि सवयीनं रेघ बघितली.

पाणी बरोब्बर रेघेवर होतं.

हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशी ओली होती. मी ती पुसली. पुसताना स्वतःला समजावलं की कुठला तरी पाइप गळतोय, पाणी कमी झालं त्याचं कारण तेच. गळून गेलेलं साठ लिटर पाणी एका फडक्यात मावलं कसं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. आत आबा गप्पा मारत होते, दूध संस्थेच्या निवडणुकीच्या. मध्येच थांबायचे, ऐकून घ्यायचे, हसायचे.

जेवणं आटोपली. पंधरा मिनिटांनी पाणी परत अकरा सेंटिमीटरवर होतं. ताटातला भात संपला होता. आबांनी दोन ताटं जेवली असतील. एरवी ते अर्धी भाकरी टाकून उठतात.

संध्याकाळी उदयचा फोन आला. रविवारी दुपारपर्यंत येतोय म्हणाला. "आबा कसे आहेत? काही नवीन नाही ना?"

"काही नाही," मी म्हणाले. पाहुण्याचं सांगितलं असतं तर त्यानं रविवारीच आबांची बॅग भरली असती. पाण्याचं सांगितलं असतं तर माझीही.

५

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी मधल्या टाकीची काच पुसायला बसले. जुन्या एटीएम कार्डानं खरवडलं की काच छान निघते. ती टाकी कमरेएवढ्या उंचीवर आहे. खाली स्टुलावर बसलं की डोळ्यांसमोर लांबच्या लांब पाणी येतं आणि पाण्यातून हॉलची पलीकडची बाजू दिसते. तिथं आबांच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीत आबा बसून बोलत होते. पाण्यातून त्यांचा पायजमा दिसत होता, गुडघ्यावर आपटणारा हात दिसत होता.

दुसऱ्या खुर्चीतही पाय होते.

उघडे, गुडघ्याखालचे दोन पाय. राखाडी पांढरे. धुणं धुऊन धुऊन बोटांची कातडी सुरकुतते तशी ती सगळी कातडी होती. एका पायानं दुसरा पाय सावकाश खाजवणं चाललं होतं, आबांचं बोलणं ऐकता ऐकता.

मी उभी राहिले आणि टाकीच्या वरून बघितलं. आबा एकटे होते. शेजारची खुर्ची रिकामी, बैठकीत पाणी साचलेलं.

काच जाड आहे, दोन काचांमध्ये पाणी आहे, उजेड वाकतो, एकाची दोन दिसतात. हे सगळं मी मनात म्हटलं आणि परत स्टुलावर बसले. आबांचेच पाय दोनदा दिसले असतील तर दोन्हीकडं पायजमा दिसायला पाहिजे, एवढंच मला बघायचं होतं.

पाय अजून तिथंच होते. खाजवणं थांबलं होतं. बोटं आता माझ्याकडं वळलेली होती.

मी कार्ड पाण्यात टाकून आत गेले आणि स्वयंपाकघराची कडी लावून गॅससमोर उभी राहिले. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. घरात म्हातारं माणूस, डोक्यावर नवऱ्याची टांगती तलवार, त्यात हे. बाहेरून आबांनी हाक मारली.

"पोरी, चहा टाक की दोन कप."

मी टाकला. काय करणार?

६

शनिवारभर मी आबांना नजरेआड होऊ दिलं नाही. पाणी काढून टाकायचं माझ्या मनात आलं, ड्रम आणून ठेवलेही. पण पाणी काढल्यावर ते कुठं जाईल, हे मला कळेना. फिरणाऱ्या पाण्यात तरी त्याचा पत्ता होता.

आबांत फरक पडला होता. त्यांचे हात गार लागत होते, आणि बोटं सुरकुतलेली. "सारखं हातात हात घिऊन बोलत्यात," ते कौतुकानं म्हणाले. "लई एकटं पडलंय गं ते तिकडं. कोण जात न्हाय, कोण येत न्हाय."

तेव्हा मी ठरवलं, उदय यायच्या आत याला घालवायचं. ओरडून नाही आणि मांत्रिक-बिंत्रिक तर मुळीच नाही. आमंत्रण देऊन आणलेला पाहुणा आहे, तर पाहुण्यासारखाच मान देऊन पाठवायचा. राहायला काही कारण उरलं नाही पाहिजे.

रविवारी सकाळी मी टॉवेल, टोपी आणि नारळ ताटात मांडले.

"आबा, पाहुण्यांना चार दिवस झाले. त्यांच्या घरी वाट बघत असतील. आपण त्यांना रीतसर निरोप देऊ."

आबांचा चेहरा पडला. "आपल्यात असं कुणाला जा म्हणत न्हाईत पोरी."

"जा कुठं म्हणतोय? आहेर करतोय. आज उदय येणार आहे, झोपायला जागा नको का?"

हे त्यांना पटलं. ताट घेऊन ते रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहिले. टॉवेल-टोपी खुर्चीत ठेवली, नारळ ठेवला, बोट कुंकवात बुडवून हवेत टेकवलं. बोट मागं आलं तेव्हा कुंकू धुऊन गेलं होतं आणि मनगटावरून पाणी ओघळत होतं. मी हात जोडले. म्हणाले, "काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा."

मग आबांना म्हणाले, "एवढं पोचवून या."

आणि मी टाकीसमोर जाऊन बसले. पंप बंद केला. पाणी उतरलेलं होतं, बरोब्बर रेघेवर. मी पट्टी लावली. मग पाच मिनिटांनी परत लावली, दहा मिनिटांनी परत. एका केसाचाही फरक नव्हता. गेलं होतं. चार दिवसांत पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला आणि तिथंच फरशीवर बसून रडले. मग तोंड धुतलं, पंप चालू केला, उदयसाठी पोह्याची तयारी केली.

आबा परत आले नाहीत हे कांदा चिरताना लक्षात आलं. पाऊण तास झाला होता.

७

दार उघडं होतं. खुर्चीत टॉवेल नव्हता, टोपी नव्हती, नारळ नव्हता. आबांच्या चपला दारातच होत्या. पायरीवरून रस्त्याकडं ओल्या पावलांच्या दोन रांगा गेलेल्या, एकमेकींना खेटून, आणि उन्हानं त्या सुकत चालल्या होत्या. रस्त्याच्या टोकाला फुलेवाडीचा नाका. गगनबावड्यावरून कोकणात उतरणारी एसटी तिथं थांबते.

पोचवून या, म्हणजे कुठपर्यंत, हे मी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं या घरात राहून मी सांगितलं नव्हतं.

मी अनवाणी नाक्यापर्यंत पळाले. पानपट्टीवाल्यानं सांगितलं, आजोबा मघाशीच गगनबावड्याच्या एसटीत चढले. एकटेच होते, पण दारात थांबून आधी कुणाला तरी चढायला जागा देत होते. मी पळत घरी आले आणि जूनपासून आबांच्या खिशात कायम ठेवलेल्या मोबाइलवर फोन लावला. रिंग जात होती तेवढ्यात फाटकाशी उदयची गाडी थांबली.

"कोण?" आबांचा आवाज. मागं इंजिनची घरघर.

"आबा, कुठं आहात?"

"पावण्यास्नी बसवाय आलतो. बोलता बोलता गाडीच सुटली बघ."

"उतरा आबा. पुढच्या थांब्याला उतरा. मी येते तिथं."

"कसं उतरू, पोरी? हात धरलाय त्येनी. एवढं आलासा तर आता आमच्या घरला चला म्हणत्यात. न्हाय म्हणणं बरं दिसत न्हाय."

"आबा, हात सोडवून घ्या. मी पाया पडते तुमच्या."

"खुळी का काय तू," ते मायेनं म्हणाले. "चार दिस ऱ्हातो आणि येतो की."

उदय आत आला होता. माझा अवतार, उघडं दार, दारातल्या चपला, सगळं त्यानं एका नजरेत बघितलं. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. त्याचा जबडा आवळलेला होता. "आबा, कुठल्या गाडीत आहात? कंडक्टरला द्या फोन. मी गाडी आडवी घालतो." "गगनबावड्याची एसटी," मी म्हणाले. तो म्हणाला, "चल, बस गाडीत. घाटाच्या अलीकडं, साळवणच्या आधी गाठू." आम्ही पायऱ्या उतरलो, तो एका हातानं किल्ली लावत होता, फोन कानाला तसाच.

मग तो थांबला.

"कोण बोलताय?" त्यानं विचारलं. ऐकत राहिला. जबडा हळूहळू सैल पडला. फोनवर हात ठेवून तो मला म्हणाला, "आबांबरोबर कोणीतरी पाहुणे आहेत. आवाज नीट येत नाही, तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा. पण माणूस चांगला वाटतोय."

"उदय, फोन बंद कर."

त्यानं मला हातानंच थांब म्हणून खूण केली. शेवटी तोही आबांचाच मुलगा. "नमस्कार, नमस्कार. हां, मी थोरला. व्हय व्हय, पुण्याला असतो." तो हसला. "न्हाय ओ, आबांचा कसला त्रास, तुम्हालाच त्रास. व्हय, मिसेस हितंच हाय. तिनंच जेवायला घातलं का? असू दे की, त्यात काय."

मी त्याचा दंड धरून ओढत होते. तो पाहुण्यांसमोर असं करायचं नसतं, अशा नजरेनं माझ्याकडं बघत होता. गाडीचं दार उघडं होतं. पलीकडून इंजिनचा आवाज आता येत नव्हता, कसलाच आवाज येत नव्हता, आबांचाही नाही.

मी फोन हिसकावून घेतला. तोवर त्यानं आम्हा दोघांची नावं सांगितली होती, आणि येत्या रविवारी जेवायलाच येतो म्हणून शब्द दिला होता.